'हेरेडिटरी': शेवटानं सिनेमा वाया घालवला का?

अर्धविराम
ॲरी ॲस्टरचा 'हेरेडिटरी' (२०१८) शेवटी एकदाचा पाहिला. पुढे सगळं उघड केलंय, न पाहिलेल्यांनी इथेच थांबा.

घरातल्या मृत्यूवर इतका निर्दय सिनेमा क्वचितच पाहिलाय. गाडीत मागे बसलेली धाकटी बहीण चार्ली अपघातात गेल्यावर पीटरला मागच्या सीटकडे बघायचा धीर होत नाही. गाडी घरी आणतो आणि मुकाट्यानं अंथरुणात शिरतो. सकाळी कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर असतो, आईचा हंबरडा फक्त ऐकू येतो. मग ते जेवणाच्या टेबलावरचं भांडण! टोनी कोलेटची ॲनी पोटच्या पोराला जे सुनावते, ते ऐकवत नाही आणि खोटंही वाटत नाही.

एवढं कमावून शेवटी काय, तर पायमॉन नावाचा सैतान, त्याला पुजणारा आजीचा पंथ आणि मुकुट. म्हणजे या माणसांनी एकमेकांचं जे केलं त्याला काही अर्थच नाही, सगळा बाहेरच्यांचा कट. ही पळवाट झाली.

निशाचर
साफ असहमत. ज्या खांबानं चार्लीचा जीव जातो त्यावर पंथाचं चिन्ह आहे, तेच आजीच्या गळ्यातही आहे. पीटरच्या वर्गात सोफोक्लिसच्या नाटकावर चर्चा चालते: हेराक्लीसला पर्यायच नव्हता, तर शोकांतिका जास्त गडद की कमी? आणखी किती स्पष्ट सांगायचं? पहिल्याच दृश्यात कॅमेरा ॲनीनं केलेल्या छोट्या घरात शिरतो आणि तीच पीटरची खोली होते. ही माणसं पहिल्यापासून कुणाच्या तरी हातातली आहेत.

अर्धविराम
खुणा पेरल्यात हे मान्य. पण त्यानं शेवट बिनचूक ठरतो, पटतो असं नाही. रहस्यकथेला तेवढं पुरेल, आईमुलाच्या गोष्टीला नाही.

कडुनिंब
माझी तक्रार वेगळीच. शोकगटात ॲनी सांगते की वडिलांनी उपाशी राहून जीव दिला. भावाला स्किझोफ्रेनिया होता, आई माझ्या अंगात माणसं घालते असं म्हणत त्यानं गळफास घेतला. ऐकताना आपण याला आजार समजतो, शेवटाकडे कळतं की पोरगा खरं बोलत होता. भयपट म्हणून जबरदस्त. पण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी यातून काय घ्यायचं? भास खरेच असतात असं?

निशाचर
कुणी ऐकून घेतलं नाही, हे घ्यायचं. नवरा स्टीव्हही ॲनीला वेडीच ठरवतो ना? सिनेमा काही आरोग्यखात्याची जाहिरात नाही.

कडुनिंब
स्टीव्हचं नाव काढलंत ते बरं झालं. गॅब्रिएल बर्नसारखा नट घेऊन त्याला नुसतं दमलेलं ठेवलंय. त्यालाही मुलगी गेलीय, पण त्याचं दुःख लिहायला कुणाला सवडच नाही. आणि चार्लीची चित्रांची वही जाळायचा तो प्रकार! पहिल्यांदा वही आगीत पडते तेव्हा ॲनीची बाही पेटते, दुसऱ्यांदा नवराच जळून जातो. नियम मधेच बदलला, कारण पटकथेला तो माणूस नको होता.

चकवा
अमेरिकेत सुरुवातीच्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोर या प्रेक्षक-पाहणीत 'डी प्लस', म्हणजे जवळजवळ नापासाचा शेरा दिला होता, तो मला अन्याय वाटतो. कॉलिन स्टेट्सनचं संगीत एकटंच त्याहून वरचं आहे. बाकी निशाचर, नियम बदलला तो नियतीनं, हे उत्तर आधीच बाद. नियतीच्या नावावर कुठलीही ढिलाई खपवता येते.

निशाचर
नियती कशाला? आग कुणाला लागणार हे पायमॉन ठरवतो, ॲनी नाही. आपण स्वतःचा बळी देतोय अशी तिची समजूत असते, आणि नेमकी तीच तिच्याकडून हिसकावली जाते. तो प्रसंग काढला तर शेवट आणखी लंगडा होईल.