पीटीचा तास आणि खो-खो

‘दहावीला पीटीचा तास गणिताला दिला तर बिघडलं काय, मुलं संध्याकाळी खेळतातच की’ असं कुणीतरी लिहिलंय. संध्याकाळी कधी खेळतात हो? शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की अंधार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं घाम निघेल अशी हालचाल सांगितली आहे. त्यातला तासही काढून घेतला तर उरतं काय?

शाळेत खेळायला जागाच नाही, ही सबब तर मला मुळीच पटत नाही. खो-खोला २७ बाय १६ मीटर जमीन आणि दोन खांब पुरतात. आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले, नववा धावतोय. पाठीमागून खो मिळाला की बसल्या जागेवरून उठून सुसाट सुटायचं, आणि मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, ओलांडायचा नाही! पायांची ताकद, दम आणि डोकं, सगळं एकदम कामाला लागतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारतानेच जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचेच.

मात्र चेंडू फेकून ‘खेळा रे’ म्हणत सर स्टाफरूममध्ये गेले, तर त्या तासाला अर्थ नाही. मग चार दांडगी मुलं खेळतात आणि मुली दप्तरं राखत बसतात.