एकादशी, चिकटलेली खिचडी आणि सोसायटीचं पातेलं

सकाळी ८:४१

बी-४०२ वैशाली देशमुख: (फोटो)

बी-४०२ वैशाली देशमुख: मृणाल, ही तुझी ट्रायप्लाय कढई. आत आहे ती साबुदाण्याची खिचडी, ओळखू येत नसेल म्हणून सांगते. निम्मी कढईला, निम्मी उलथन्याला.

बी-४०२ वैशाली देशमुख: चौदा घरांनी एकदम मागवली, स्वस्त पडली, म्हणून मी घेतली. स्वस्त म्हणजे अडीच हजार. माझी नॉनस्टिक काय वाईट होती?

बी-३०३ निखिल: एकादशी अन् दुप्पट खाशी ऐकलं होतं. हे उलटंच झालं 😂

सी-३०१ मृणाल: सॉरी ताई 🙏 पण मी तेव्हाच लिहिलं होतं की स्टील म्हणजे नॉनस्टिक नव्हे. आधी कढई रिकामीच तापवायची, मग तूप. तुम्ही गार कढईत तूप घातलंत का?

बी-४०२ वैशाली देशमुख: मग कुठे घालायचं? तीस वर्षं गार कढईतच घालतेय.

बी-१०४ शिंदे मामा: सुप्रभात. गणपतीतले सोसायटीचे मोठे पातेले (२५ लिटर) झाकणासकट अजून स्टोअररूममध्ये परत आलेले नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून ठेवावे.

बी-३०३ निखिल: मामा, कढईचं चाललंय.

बी-१०४ शिंदे मामा: पातेलेही भांडेच आहे.

ए-१०१ सेक्रेटरी: चौकशी चालू आहे. ग्रुपवर फक्त सोसायटीसंबंधी मेसेज टाकावेत 🙏

बी-४०२ वैशाली देशमुख: चौदा घरांनी एकत्र घेतलं ते सोसायटीसंबंधी नाही? आणि तुमच्या भाच्याच्या वाढदिवसाचे चाळीस फोटो होते ते?

ए-१०१ सेक्रेटरी: 🙏

ए-२०३ गोखले काका: नमस्कार. आयुष्यभर स्टीलच्या कारखान्यात काढले म्हणून चार शब्द. १/३. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते. ॲल्युमिनियममधून ती दहापटीहून अधिक सहज पसरते. म्हणून नुसत्या पातळ स्टीलच्या कढईत ज्योतीच्या बरोबर वर जळका गोल उठतो आणि कडेचा कांदा कच्चा राहतो. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर थेट काठापर्यंत असतो. सँडविच बॉटममध्ये तो फक्त बुडाला. आपण कढईत कडेलाही परततो, म्हणून कढई ट्रायप्लाय घ्यावी. वरण-आमटी उकळायला जाड बुडाचे पातेले पुरते, तिथे जास्त पैसे घालवू नयेत.

ए-२०३ गोखले काका: ३/३. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

बी-३०३ निखिल: काका, २/३ कुठंय?

बी-४०२ संजय देशमुख: नमस्कार. कढई सध्या मी घासतोय. मावशी आज आल्या नाहीत. तारेच्या घासणीने बरंच निघालं.

सी-३०१ मृणाल: थांबा!!! तार नको!

बी-४०२ वैशाली देशमुख: संजय, तू कुणाला विचारून तार घेतलीस?

बी-४०२ संजय देशमुख: तूच म्हणालीस घासून टाक.

सी-३०१ मृणाल: काका, कढईत दोन पेले पाणी, एक मोठा चमचा खायचा सोडा. दहा मिनिटं उकळू द्या, बंद करा, कोमट झालं की लाकडी उलथन्याने खरवडा. निघतं. आणि तापलेल्या कढईवर नळाचं गार पाणी कधी सोडू नका, बूड वाकतं. मग गॅसवर डुगडुगते.

सी-२०२ कुलकर्णी आजी: मी आजी बोलते नातू लिहितोय. वैशाली साबुदाणा किती वेळ भिजवला होतास. पाणी राहिलं असेल त्यात. निथळून फडक्यावर पसरायचा आणि दाण्याचं कूट मीठ साखर आधीच चोळून ठेवायचं म्हणजे दाणा दाण्याला धरत नाही. कढईला नावं ठेवू नये. (आजी अजून बरंच बोलली, हे मुख्य.)

बी-४०२ वैशाली देशमुख: आजी, साबुदाणा रात्री भिजवलेला, नीट निथळलेला. कूट मात्र वरून घातलं.

सी-२०२ कुलकर्णी आजी: मग तेच.

बी-४०२ वैशाली देशमुख: नॉनस्टिकमध्ये वरून घातलेलं चालायचं.

सी-२०२ कुलकर्णी आजी: तव्यावरचा काळा थर खिचडीत यायचा तोही चालायचा.

बी-३०३ निखिल: आजी 😂🙏

बी-१०४ शिंदे मामा: मोठे पातेले (२५ लिटर) झाकणासकट अजून परत आलेले नाही.

सकाळी १०:१८

बी-४०२ संजय देशमुख: फ्रिजचं मॅग्नेट लावून बघितलं. बाहेरून कढईला घट्ट चिकटतंय. खरं स्टील लोहचुंबकाला चिकटत नाही असं लहानपणापासून ऐकलंय. म्हणजे लोखंड दिलंय का?

ए-२०४ पवार: मला तेव्हाच शंका आली होती. म्हणून मी घेतली नाही.

सी-३०१ मृणाल: पवार काका, तुम्ही घेतली नाही कारण पैसे भरायची तारीख गेल्यावर तुमचा फोन आला.

ए-२०४ पवार: तो वेगळा विषय आहे.

ए-२०३ गोखले काका: २/३ (सकाळी गेला नव्हता). बाहेरचा थर ४३० ग्रेडचा असतो, तो चुंबकाला चिकटतो आणि मुद्दाम तसाच ठेवतात, नाहीतर कढई इंडक्शनवर चालणार नाही. आतला, अन्नाला लागणारा थर ३०४. यालाच १८/८ म्हणतात, १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. चुंबक आतून थोडा ओढला गेला तर तो बाहेरच्या थराकडे. गंमत अशी की २०१ हे हलके स्टीलही चुंबकाला धरत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, गंजायला लवकर तयार. तेव्हा चुंबकाने ३०४ आणि २०१ यांतला फरक कळत नाही. भांड्यावरचा ग्रेड वाचावा, आयएसआय मार्क बघावा, बिल ठेवावे. सरकारने २०२४ मध्ये स्टीलच्या भांड्यांना हा मार्क सक्तीचा करण्याचा आदेश काढला, मानक आयएस १४७५६.

बी-३०३ निखिल: म्हणजे दिवाळीला ऑफिसातून आलेला डबा गंजला तो २०१ असणार. बोनसही त्याच ग्रेडचा होता.

बी-४०२ संजय देशमुख: पण माझ्या कढईत आत्ताच तपकिरी ठिपके दिसतायत. हे ३०४ ना?

ए-२०३ गोखले काका: ते आपल्या घासणीचे. तारेचे कण पृष्ठभागावर अडकतात आणि ते कण गंजतात. कढईवरचा क्रोमियमचा अदृश्य थर ओरखडे गेले तरी हवेत पुन्हा धरतो. पितांबरी किंवा सोडा ओल्या फडक्याने हलके चोळा, जातील.

बी-४०२ वैशाली देशमुख: वाचलंस? आपल्या घासणीचे.

ए-३०२ शबाना: मीठाचं पण सांगा काका. माझ्या नव्या पातेल्याच्या बुडाला टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेत. बिर्याणीच्या तांदळाला आधण ठेवते तेव्हा गार पाण्यातच मूठभर मीठ टाकते मी.

ए-२०३ गोखले काका: बरोबर पकडलेत. मीठ बुडाशी बसून राहते आणि तिथेच स्टील खाते. पाण्याला उकळी आली की मीठ टाका, लगेच हलवा. पडलेले खड्डे जाणार नाहीत, भांडे मात्र वापरायला ठीक आहे.

ए-३०२ शबाना: शुक्रिया काका. दम देताना मी खाली जुना लोखंडी तवा ठेवते, स्टीलमध्येही बूड लागत नाही. ज्यांच्याकडे पातळ पातेली आहेत त्यांनी खिरीला करून बघा.

सी-२०२ कुलकर्णी आजी: दूध तापवताना आधी पातेलं पाण्याने विसळायचं आणि न पुसता दूध ओतायचं. लोणचं स्टीलच्या डब्यात महिनोन्महिने ठेवू नका, बरणी आहे त्याला. आमच्या वेळी पितळेची कल्हई उडाली की आमटी कळकायची, घरभर ओकाऱ्या. स्टील आलं तेव्हा सुटल्यासारखं झालं. कोकम टाका ताक टाका काही होत नाही. तुम्ही परत पितळेकडे निघालात म्हणे.

ए-२०४ पवार: आजी, पितळ आरोग्याला चांगलं असतं.

सी-२०२ कुलकर्णी आजी: कल्हईवाला शोधून आण मग बोलू.

बी-२०१ डॉ. सायली: एक छोटी गोष्ट. ज्यांना खोट्या दागिन्यांनी पुरळ येतं, म्हणजे निकेल सोसत नाही, त्यांनी टोमॅटो-चिंचेचं काही तासन्तास स्टीलमध्ये रटरटवू नये. आंबटात थोडं निकेल उतरतं, नव्या भांड्यात जास्त, पुढे कमी होत जातं. बाकीच्यांनी यावरून नवी भीती पसरवू नये ही विनंती.

ए-२०४ पवार: (फॉरवर्ड केलेला मेसेज) सावधान!! स्टीलच्या भांड्यात जेवण म्हणजे विष…

बी-२०१ डॉ. सायली: पवार काका. आत्ताच काय लिहिलं मी.

ए-२०४ पवार: आला तसा पुढे पाठवला.

दुपारी १:०५

सी-४०३ अमेय: माझ्या कढईला पांढरे डाग आणि आत जांभळा-निळा रंग आलाय. परत करता येईल का?

सी-३०१ मृणाल: नाही. वापरलेली परत घेत नाहीत. आणि ते बिघाड नाहीत. निळा-जांभळा जास्त तापवल्याने येतो. पांढरे डाग आपल्या टँकरच्या पाण्यातले क्षार. दोन्ही व्हिनेगरने किंवा लिंबाच्या फोडीने जातात. धुतल्यावर लगेच कोरडी पुसा.

सी-४०३ अमेय: म्हणजे मूळ प्रॉब्लेम पाणी. वॉटर सॉफ्टनरचं काय झालं, सेक्रेटरी साहेब? गीझरचं कॉइल वर्षात गेलं माझं.

ए-१०१ सेक्रेटरी: सॉफ्टनरचा प्रस्ताव मागच्या दोन्ही सभांत बहुमताने नामंजूर झाला. इतिवृत्त पाहावे. आपण दोन्ही सभांना अनुपस्थित होतात.

सी-४०३ अमेय: सभा बुधवारी सकाळी ११ ला ठेवली तर अनुपस्थितच राहणार.

बी-१०४ शिंदे मामा: सभेच्या विषयपत्रिकेत मोठे पातेले (२५ लिटर) झाकणासकट हा विषय घ्यावा.

ए-१०१ सेक्रेटरी: शिंदे साहेब, चौकशी चालू आहे असे सांगितले आहे.

बी-१०४ शिंदे मामा: सप्टेंबरपासून चालू आहे.

सी-२०२ कुलकर्णी आजी: भांड्यावर नाव घालून घ्या रे. चौदा घरात चौदा सारख्या कढया, उद्या हळदीकुंकवाला गेली की कुणाची कुठली कळणार नाही. माझ्या लग्नातल्या पातेल्यावर तारखेसकट नाव आहे अजून. बोहारणीने जरीच्या साडीवर दिलेल्या परातीवर पण घालून घेतलं होतं. तुळशीबागेत उभ्या उभ्या घालून देत.

बी-३०३ निखिल: आजी, मी माझ्या कढईवर वायफायचा पासवर्ड घालून घेतो. पाहुण्यांना सांगायला बरं.

संध्याकाळी ६:३२

बी-४०२ वैशाली देशमुख: मृणाल, खिचडी पुन्हा करायला घेतली. रिकामी कढई मध्यम गॅसवर अडीच-तीन मिनिटं. पाण्याचा थेंब टाकला तर नुसता चर्र करून वाळला. अजून थोडी तापवली, तेव्हा मोत्यासारखा गोल होऊन घरंगळत फिरला. मग?

सी-३०१ मृणाल: हां, तीच खूण! आता गॅस बारीक करून अर्धा मिनिट थांबा, मग तूप. एवढ्या तापल्यावर लगेच घातलंत तर तूप जळेल. बटाटा घातल्यावर लगेच ढवळू नका. सुरुवातीला धरतो, खालून खरपूस झाला की आपोआप सोडतो.

बी-४०२ वैशाली देशमुख: ढवळायचं नाही हे कठीण आहे.

बी-४०२ संजय देशमुख: आमच्याकडे फारच.

बी-४०२ वैशाली देशमुख: (फोटो)

बी-४०२ वैशाली देशमुख: बटाटा सुटला. खिचडी बरीचशी सुटली, मध्ये रुपयाएवढी लागलीच. कूट आधी चोळलं होतं, आजी. ठीक आहे. नॉनस्टिक मी टाकलेली नाही.

सी-३०१ मृणाल: टाकू नका ताई, घावनाला ठेवा. फक्त रिकामी मोठ्या गॅसवर तापवू नका.

ए-२०३ गोखले काका: योग्य. त्या लेपाला २६० अंशांपुढे सोसत नाही. आणि जी कृती स्टीलला हवी, रिकामे तापवणे, तीच नॉनस्टिकला वर्ज्य. घरोघरी गफलत इथेच होते.

बी-३०३ निखिल: माझं अंडं मात्र आज सकाळीही निघालं नाही. स्टीलच्या पॅनचा कायमचा सभासद झालंय.

सी-३०१ मृणाल: अंडं फ्रिजमधून थेट टाकतोस. आणि तेल थेंबभर.

बी-३०३ निखिल: डाएट आहे.

सी-३०१ मृणाल: मग उकडून खा.

ए-१०१ स्मिता: मृणाल, तुझा व्हिनेगरचा उपाय खूपच छान! आमच्याकडच्या एका जुन्या पातेल्याला किती दिवसांचे पांढरे डाग होते, बघा आता कसं चकाचक झालंय 😊 (फोटो)

सी-४०३ अमेय: वा काकू, आरसाच!

ए-३०२ शबाना: माशाअल्लाह, केवढं मोठं आहे! शंभर माणसांची खीर होईल.

सी-२०२ कुलकर्णी आजी: नाव पण कसं स्वच्छ दिसतंय बघा. (आजीने फोटो मोठा करायला लावला.)

बी-३०३ निखिल: खरंच की. सोसायटीचं नाव, खाली रजिस्टर नंबर. व्हिनेगरला मानलं.

ए-१०१ स्मिता: हा मेसेज डिलीट केला आहे.

बी-१०४ शिंदे मामा: स्क्रीनशॉट घेतला आहे.

ए-१०१ सेक्रेटरी: सूचना: उद्या सकाळी १० ते १ वरची टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी बंद राहील. सभासदांनी पाणी भरून ठेवावे 🙏

सी-४०३ अमेय: कशात भरून ठेवावे?

ए-१०१ सेक्रेटरी: मोठे पातेले रात्री स्टोअररूममध्ये पोहोचेल. चौकशी पूर्ण झाली आहे.

बी-१०४ शिंदे मामा: झाकणासकट.