टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरमध्ये ‘कोयता घे’ म्हटले की प्रोग्राम अडकतो

देवगडकर (प्रश्न)

नमस्कार. कोकणातल्या जुन्या घरावर बेतलेला एक टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर (शब्दांत आज्ञा टाइप करून खेळायचा संगणकीय खेळ) मी सी भाषेत लिहीत आहे. वस्तूंची नोंद ठेवण्याची पद्धत क्राउदर आणि वुड्स यांच्या १९७७ सालच्या फोर्ट्रान ‘अ‍ॅडव्हेंचर’वरून घेतली आहे. ‘प्लेस’मध्ये वस्तू कोणत्या जागी आहे ते असते (हातात असल्यास उणे १), ‘अ‍ॅटलॉक’मध्ये त्या जागेतली पहिली वस्तू आणि ‘लिंक’मध्ये तिच्यापुढची.

पडवीत कंदील, नारळ, सूप आणि कोयता या क्रमाने आहेत. मध्येच एक वानर येते आणि नारळ परसात नेऊन टाकते. त्यानंतर पडवीत कंदील, नारळ आणि चक्क परसातली घागर दिसते. सूप व कोयता दिसतच नाहीत. ‘कोयता घे’ लिहिले की काहीही न छापता प्रोग्राम कायमचा अडकतो.

शिवाय भरलेला तांब्या चार वेळा उचलून ठेवला, की हातात तीनच वस्तू असतानाही ‘हात भरले आहेत’ असे उत्तर मिळते. मर्यादा मूळ खेळाप्रमाणे ७ वस्तूंची आहे.

दापोलीवाला

वानराच्या कोडमध्ये आपण वस्तू हलवणाऱ्या ‘मूव्ह’ फंक्शनऐवजी थेट वस्तू ठेवणारे ‘ड्रॉप’ वापरले असणार. ‘ड्रॉप’ वस्तूला नव्या जागेच्या यादीत सर्वांत पुढे जोडते, पण जुन्या यादीतून काढत नाही, कारण वस्तू आधी कोणत्याच यादीत नाही हे त्यात गृहीत धरलेले आहे. त्यामुळे नारळाची ‘लिंक’ सुपाऐवजी घागरीकडे वळली, आणि कंदील अजून नारळाकडेच बोट दाखवत असल्यामुळे पडवीची यादी परसात शिरली. कोयत्याची ‘प्लेस’ मात्र पडवीच सांगते, म्हणून ‘इथे आहे का?’ ही तपासणी पार पडते. मग वस्तू उचलणारे ‘कॅरी’ त्याला यादीत शोधत शून्यापर्यंत, म्हणजे यादीच्या शेवटापर्यंत, पोहोचते, आणि सीमध्ये लिंकच्या शून्याव्या घरातही शून्यच असल्याने तिथेच फिरत राहते. ‘मूव्ह’ आधी ‘कॅरी’ करून जुनी साखळी सांधते आणि मगच ‘ड्रॉप’ करते.

वेंगुर्ल्याहून

तांब्याचे दुखणे वेगळे आहे. मूळ खेळात बाटली उचलली की आतल्या पाण्याची ‘प्लेस’ थेट उणे १ केली जाते आणि हातातल्या वस्तूंची मोजणी फक्त बाटलीसाठी वाढते. आपण उचलताना पाण्यासाठीही एक वाढवत असाल आणि ठेवताना एकच कमी करत असाल, तर दर फेरीला एक भुताची वस्तू हातात उरते. चार फेऱ्यांच्या चार आणि खऱ्या तीन मिळून सात. यात लाजण्यासारखे काही नाही, कारण मूळ खेळातही पिंजऱ्यातला पक्षी वेगळा मोजला जाऊन मोजणी फुगत असे, आणि त्याच खेळाची नवी आवृत्ती असलेल्या २०१७ च्या ‘ओपन अ‍ॅडव्हेंचर’मध्ये पक्ष्याला मोजणीतून वगळून ते दुरुस्त केले गेले. माझ्या मते मोजणी साठवूच नये. ‘प्लेस’ उणे १ असलेल्या वस्तू पाणी वगळून दर वेळी मोजाव्यात, शंभरेक वस्तूंसाठी त्याला वेळ लागत नाही.

इन्फोकॉम कंपनीच्या झी-मशीनसारखे (तिचे टेक्स्ट खेळ चालवणारी प्रणाली) पालक, भावंड आणि मूल असे झाड वापरले तर पाणी तांब्याच्या पोटातच राहते, हेही खरे. पण मग करंडा स्वतःच्याच आत ठेवू पाहणाऱ्या खेळाडूला आपल्यालाच अडवावे लागते. केवळ एका तांब्यासाठी मी तो खटाटोप करणार नाही.

दापोलीवाला

प्रत्येक आज्ञेनंतर सर्व याद्या चालून पाहणारे एक फंक्शनही लिहा: यादीतल्या प्रत्येक वस्तूची ‘प्लेस’ तीच जागा सांगते का, आणि पावले एकूण नोंदींपेक्षा जास्त होतात का. दोन जागी दिसणारे दार असेल, तर १०० वरच्या क्रमांकांसाठी (दुसऱ्या जागेच्या यादीत वस्तूचा क्रमांक १०० मिळवून लिहितात) ‘प्लेस’ऐवजी ती दुसरी जागा सांगणारे ‘फिक्स्ड’ पाहावे लागेल, अन्यथा ते निष्कारण ओरडेल.

देवगडकर

दोघांचेही निदान बरोबर निघाले. सूप आणि कोयता पडवीत परत आले, मोजणीचा चल काढून टाकला. तपासणीचे फंक्शन मात्र पहिल्याच खेळात ओरडले: पावसात पाणंदीतली काठी वाहून साकवापाशी जाते, तिथेही मी ‘ड्रॉप’च लिहिले होते.