चिंक्वे तेर्रे : आईला गटासोबत चालणं झेपेल का?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आई (वय 67) इटलीत चिंक्वे तेर्रेला (समुद्रकाठची पाच गावं) 12 जणांच्या गाइडेड टूरने जातोय. सहा दिवस, मुक्काम लेवांतोला. पैसे भरून झालेत, त्यामुळे 'दुसरी टूर घ्या' सोडून सगळे सल्ले चालतील.

आई रोज सपाटीवर चार किमी आरामात चालते, पण उतारावर उजवा गुडघा कुरकुरतो. नी-कॅप आणि काठी घेतली आहे. कार्यक्रमातल्या दोन गोष्टी टोचताहेत. एक म्हणजे वेर्नात्सा ते मोंतेरोस्सो पायवाट. अंतर जेमतेम साडेतीन किमी, पण वेळ दोन तास; यातच काय ते आलं! ही गाळून ट्रेनने काही मिनिटांत पुढे जाता येतं. दुसरं कोर्नील्या. पाचांतलं हे एकच गाव उंच कड्यावर, तिथे बोट लागत नाही आणि स्टेशनवरून वर जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या. मिनीबस असते, एवढं माहीत आहे.

टूरवाल्यांना दोनदा मेल केला. दोन्ही वेळा उत्तर तेच : 'मध्यम स्वरूपाचं चालणं'. मध्यम कोणाचं, सह्याद्रीत भटकणाऱ्याचं की माझ्या आईचं?

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा : सकाळी दहाच्या सुमारास त्या मिनीबसमध्ये जागा मिळते का? आणि पायवाटेच्या दिवशी गाइड आईला एकटीला ट्रेनने पुढे जाऊ देतील, की मलाही पायवाट सोडावी लागेल? (तिचं इंग्रजी कामचलाऊ आहे.)