एफएक्स-८३५० : विकणारा म्हणतो ८ कोअर, टास्क मॅनेजर म्हणतो ४

विट्याचा_फ्लेक्सवाला
नमस्कार मंडळी. आमचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम, दिवसभर कोरलड्रॉ चालू असतं. एएमडी एफएक्स-८३५० प्रोसेसरचा जुना डेस्कटॉप मिळतोय. विकणारा छातीठोकपणे ८ कोअर सांगतो. चालू करून बघितला तर विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये कोअर ४, लॉजिकल प्रोसेसर ८. म्हणजे हा इंटेलच्या जुन्या आय७ सारखा ४ कोअर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेडवाला (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) झाला का? तेवढ्याच पैशांत आय५-३४७० आहे, त्यात कोअर ४ आणि थ्रेडही ४. आठ सोडून चार घ्यायला मन धजत नाही.

जुना_सोल्डर
दादा, आय७ सारखा नाही. घोळ मॉड्यूलचा आहे.

आय७-२६०० मध्ये कोअर खरोखर चारच. हायपरथ्रेडिंगमुळे एकेक कोअर दोन थ्रेड हातात घेतो. एकाचा डेटा रॅममधून यायला वेळ लागला की तेवढ्यात दुसऱ्याचं काम उरकतो. काम करणारे भाग वाढत नाहीत, रिकामे बसत नाहीत एवढंच.

८३५० मध्ये ४ मॉड्यूल, प्रत्येकात दोन कोअर. शिवणकामाचं दुकान डोळ्यांपुढे आणा : दोन कारागीर, दोघांची मशिनं वेगळी, पण कापड बेतून देणारा मास्तर एकच आणि इंटरलॉकही एकच. पूर्णांकांची आकडेमोड करणारे भाग दोघांना स्वतंत्र, १६ केबीचा एल१ डेटा कॅशही (कोअरला चिकटून असलेली छोटी, वेगवान मेमरी) ज्याचा त्याचा. सूचना आणून उलगडणारा भाग मात्र सामाईक, २ एमबीचा एल२ (त्याहून मोठा कॅश) सामाईक, आणि दशांश आकडेमोडीचं एफपीयूसुद्धा दोघांत एकच. त्यामुळे फायली झिप करताना आठही जण बऱ्यापैकी राबतात; थ्रीडी रेंडरला लावलं की जोडीजोडीने एकमेकांची वाट अडवतात.

२०११ मध्ये बुलडोझर, म्हणजे या मॉड्यूलवाल्या प्रोसेसरांची पहिली पिढी, आली तेव्हा विंडोज ७ ला ही जोडी ओळखता येत नव्हती. तीन मॉड्यूल मोकळे असताना दोन थ्रेड एकाच मॉड्यूलमध्ये कोंबायचं. २०१२ च्या सुरुवातीला त्यासाठी पॅच आला. आता विंडोज मॉड्यूललाच कोअर धरतं, म्हणून तुम्हाला ४ दिसतात.

कॅशमिस
यावर अमेरिकेत खटलाही झाला. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी दावा लावला की हे खरे ८ कोअर नव्हेत. २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड केली, चूक कबूल न करता. माझ्या मते ८ म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण खोक्यावर फक्त आकडा छापला तर लोक चिडणारच. २०१७ च्या रायझन प्रोसेसरपासून एएमडीनेही मॉड्यूल सोडून एका कोअरवर दोन थ्रेडची वाट धरली.

विट्याचा_फ्लेक्सवाला
हे समजलं. पण कोरलड्रॉला यातलं काय लागतं?

जुना_सोल्डर
तेच बघायचं. विकणाऱ्याकडे पुन्हा जाल तेव्हा तुमची जड फाईल पेनड्राइव्हवर न्या. सावली, पारदर्शकता, शंभरभर फोटो, जे काय असेल ते. ती उघडून एखादा इफेक्ट द्या आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण टक्का बघा. १२-१३ वर अडकून राहिला तर समजा एकच थ्रेड पळतोय. आठातला एक म्हणजे साडेबारा टक्के. बाकीचे सात गप्पा मारतायत.

अशा एकट्या थ्रेडच्या कामात ८३५० चे ४ गिगाहर्ट्झ बघून भुलू नका. आय५-३४७० टर्बोत (काम आलं की आपोआप वाढणारा वेग) ३.६ पर्यंतच जातो, तरी दर ठोक्याला जास्त काम उरकत असल्याने तोच पुढे राहतो. शिवाय ८३५० चा टीडीपी (साधारण किती तापतो त्याचा आकडा) १२५ वॉट, आय५ चा ७७. ८३५० मध्ये ग्राफिक्स नाही, मदरबोर्डवरही नसेल तर वेगळं कार्ड लागतंच. विकणाऱ्याने किमतीत ते धरलंय का?

विट्याचा_फ्लेक्सवाला
कार्ड त्याचं स्वतःचं होतं, काढून घेणार म्हणाला. आणि फाईल लावून बघितली : १३ टक्के, कर्सर गोल फिरतोय. आय५ वाल्याला फोन लावतो.

कॅशमिस
त्याला विचारा एसएसडी आहे का. नसेल तर आधी ती टाका.