अनुभव धागा : मणक्याचं ऑपरेशन आणि त्यानंतर जुळलेलं लग्न

माझा साखरपुडा गेल्या महिन्यात झाला. स्कोलिओसिसचं, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकतो त्याचं, ऑपरेशन झालंय माझं, पाठीत टायटॅनियमचे दोन रॉड आणि स्क्रू आहेत. घरात लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी खूप शोधलं की ऑपरेशन झालेल्या मुलामुलींनी समोरच्याला कधी सांगितलं, काय सांगितलं, सासरचे काय म्हणाले. मिळायची ती सगळी डॉक्टरी माहिती, आणि ओळखीतल्यांचे सल्ले म्हणजे 'कशाला सांगायचं आधी, कपड्यात दिसत नाही' असले. म्हणून हा धागा काढतेय. गादी सरकली असेल, टीबी असेल, अपघात असेल, मणक्याचं कुठलंही ऑपरेशन झालेल्यांनी लिहा, आणि अशा माणसाशी लग्न ठरवलेल्यांनी तर नक्की लिहा. लांब झालं तरी चालेल. फक्त हॉस्पिटलची आणि माणसांची नावं नकोत.

आधी माझं सांगते. आठवीत असताना माझा शिवलेला ड्रेस आईला एका बाजूने वर दिसायला लागला, टेलरकाकांनी दोनदा उसवून परत शिवला तरी तेच, मग एका ऑर्थोपेडिकने मला पुढे वाकायला लावलं आणि पाठीमागून बघितलं तर उजवी बाजू उंच. एक्सरेत बाक निघाला ५६ डिग्रीचा. वाढीच्या वयात साधारण २५ ते ४० डिग्रीपर्यंत ब्रेस (पाठीला आधार देणारा कडक पट्टा) लावून थांबवायचा प्रयत्न करतात, ४५-५० च्या पुढे गेलं की ऑपरेशनचं बोलतात, त्यामुळे आमच्याकडे फार पर्याय नव्हता. नववीनंतरच्या सुट्टीत झालं. ऑपरेशन चालू असताना पायांच्या नसांचे सिग्नल मशीनवर सतत बघत होते हे मला नंतर कळलं. सुरुवातीचे दिवस कुशीवर वळायचं तर दोन नर्स मिळून सगळं अंग एकत्र वळवायच्या, पाठीला पीळ पडता कामा नये म्हणून. घरी आले तेव्हा उंची दीड इंच वाढली होती, माझ्यापेक्षा आजीलाच त्याचं जास्त कौतुक.

स्थळं बघताना आम्ही पहिल्या फोनवरच सांगायचो. बरेच जण तिथेच गप्प व्हायचे. एका घरून मध्यस्थाकरवी निरोप आला की मुलगी छान आहे पण मुलंबाळं होतील का याची लेखी खात्री डॉक्टरांकडून हवी. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

हा भेटला तो ओळखीतून. दुसऱ्या भेटीत ठाण्याला तलावपाळीवर बसून मी मोबाईलमधला एक्सरे त्याला दाखवला. त्याने तो मोठा करून वरपासून खालपर्यंत बघितला, कुठून कुठपर्यंत आहे विचारलं, आणि मग विचारलं की तुला रोजच्यात नेमका कशाने त्रास होतो. इतकी स्थळं झाली, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता! मी सांगितलं की जास्त वेळ ओट्याशी उभं राहिलं की पाठ भरून येते, खाली बसून भाजी निवडता येत नाही, जड बादली उचलत नाही, बाकी लोकल, ऑफिस, गड चढणं सगळं करते. पुढच्या वेळी मी सर्जनकडे फॉलोअपला गेले तेव्हा तो बरोबर आला, मोबाईलमध्ये प्रश्न टाइप करून. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं की बाळंतपणाला काही अडचण नाही, नॉर्मलही होऊ शकते, पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असेल तर स्क्रू कितव्या मणक्यापर्यंत आहेत ते बघावं लागतं म्हणून भूलतज्ज्ञाला एक्सरे आधीच नेऊन दाखवायचा. मुलांमध्ये येईल का यावर म्हणाले की घराण्यात असेल तर शक्यता थोडी वाढते, येईलच असं नाही, वाढीच्या वयात पाठ तपासत राहायची. हे सगळं त्याने घरी जाऊन स्वतःच्या आईला सांगितलं. मला सांगावं लागलं नाही. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती.

साखरपुड्याचं टेन्शन मला वेगळंच होतं, वाकून नमस्काराचं. माझी पाठ मधून वाकत नाही, मी गुडघे दुमडून पाठ सरळ ठेवून खाली बसते आणि मग हात टेकते, वेळ लागतो, साडीत तर जास्तच. त्याच्याकडे मोठी माणसं भरपूर. त्याने काय करावं, पहिल्या आजोबांपाशी मी खाली बसायला लागले तसा तो पण माझ्यासारखाच गुडघे दुमडून बसला, आणि शेवटच्या आत्यापर्यंत तसाच बसला. कुणाला वाटलं त्यांच्याकडची पद्धतच असेल.

ब्लाऊजचं पण सांगते. आईचं म्हणणं मागून बंद गळा शिवू, फोटोत व्रण येईल. ब्रिटनच्या राजघराण्यातली युजिनी, तिचं २००२ साली बाराव्या वर्षी हेच ऑपरेशन झालं होतं आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लग्नात तिने पाठ उघडी दिसेल असा ड्रेस मुद्दाम शिवून घेतला होता, ते फोटो मी कॉलेजात असल्यापासून जपून ठेवलेत. ते आईला दाखवले. मागचा गळा खोल शिवला, अंबाडा वर बांधला. होणाऱ्या सासूबाईंनी ओटी भरताना पाठीवरून हात फिरवला आणि 'दुखतं का गं अजून' विचारलं. नाही दुखत म्हटलं.

कृष्णाकाठ

ताई चांगला विषय काढलात. मी कराडजवळचा. माझं उलटं झालं, आधी सुपारी फुटली आणि मग ऑपरेशन. दूध संकलनाचं काम, दिवसभर गाडीवर, रस्ते तर बघताच आपण. कंबर दुखायची ते अंगावर काढलं, गावात सगळे म्हणायचे मणक्यात गॅप आलाय, पट्टा बांध. मग डाव्या पायात करंट मारायला लागला पार पोटरीपर्यंत, आणि एका रात्री लघवी अडकली आणि बसायच्या जागी सगळं बधिर. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, असं झालं की सकाळची वाट बघायची नाही, ती इमर्जन्सी असते, नस जास्त वेळ दबली तर लघवी-संडासचा कंट्रोल कायमचा जाऊ शकतो. आमच्या चुलत्यांनी रात्रीच गाडी काढली आणि लगेच ऑपरेशन झालं म्हणून मी वाचलो.

तिच्या पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली की आता पोरगं कामाचं राहिलं नाही, बोलणी मोडा, अजून साखरपुडा कुठं झालाय. तिसऱ्या दिवशी ती मावशीला घेऊन दवाखान्यात आली. आमच्याकडं लग्नाआधी मुलीनं असं येणं म्हणजे चर्चा होणारच, तरी आली. डबा ठेवला, माझ्याशी दोन शब्द बोलली आणि सरळ फाईल मागून घेतली. बारावी सायन्स झालेली, एमआरआयचा रिपोर्ट ओळ न् ओळ वाचला, कळलं नाही तिथं सिस्टरला विचारलं. घरी जाऊन वडिलांना म्हणाली तारीख पुढं ढकला, मोडायचं नाव काढू नका, फक्त गादीचा तुकडा काढलाय, मणका जागेवर आहे. साखरपुडा पाच महिन्यांनी झाला. तोपर्यंत मला उकिडवं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, गाडी तर नाहीच. आता कुठं जायचं झालं की स्कूटर ती चालवते आणि मी मागं बसतो, गावातनं जाताना लोक बघतात, मला अभिमान वाटतो. पायाचा अंगठा अजून नीट वर उचलत नाही, व्यायाम चालू आहे. ऊस वाहतुकीच्या दिवसांत फिल्डवर जात नाही, साहेबांनी ऑफिसात बसवलंय.

शुक्रतारा

मी छोटंसं लिहिते. माझा ठरलेला साखरपुडा ऑपरेशनचं कळल्यावर मोडला, अंगठीचं माप देऊन झालं होतं. दोन वर्षं मी कुणाला भेटलेच नाही. आता ज्याच्याशी ठरलंय तो फिजिओथेरपीला त्याच्या बाबांना घेऊन यायचा, तिथेच ओळख. त्यामुळे त्याने मला वॉकर धरून चालतानाच पहिल्यांदा बघितलंय, सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं आणि त्याचं इतकं सुख वाटतं की काय सांगू.

संत्र्याची बाग

नागपूरहून. मला मणक्याचा टीबी झाला होता. पाठदुखी, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरत चाललेलं, सगळे म्हणत अभ्यासाचं टेन्शन. पाय लटपटायला लागले तेव्हा एमआरआय केला, पू साठून मज्जारज्जू दाबला जात होता. पू काढून मणक्यांना स्क्रू लावले आणि गोळ्या दीड वर्ष. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळाल्या, पोषण आहाराचे पैसे खात्यात यायचे, तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत.

टीबी हा शब्द लग्नाच्या बाजारात काय करतो हे ज्याला झालाय त्यालाच माहीत. माझी सख्खी मामी म्हणाली कुणाला टीबी म्हणू नकोस, 'पाठीत गाठ होती' म्हण. ज्याच्याशी ठरलं तो माझ्याच लॅबमधला, त्याला मी टीबीच म्हटलं. त्याच्या आईबाबांना भीती होती की घरात लहान मुलं आहेत, त्यांना होईल. ही भीती मला चुकीची वाटत नाही, माहिती नसेल तर वाटणारच. तो त्यांना माझ्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, तिथे त्यांना सांगितलं की मुलीच्या फुफ्फुसात काही नाही, नुसता हाडांचा टीबी खोकल्यातून पसरत नाही. काकू (आता आई म्हणते) बाहेर येऊन मला म्हणाल्या, आधी गोळ्या पूर्ण कर, मग पेढे. आणि खरंच कोर्स संपला त्याच आठवड्यात त्यांनी साखरपुडा केला.

एक गोष्ट मुलींसाठी, कारण मला कुणी आपणहून सांगितली नव्हती. टीबीच्या औषधांमधलं रिफाम्पिसिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही, त्यांचा असर कमी होतो. कोर्स चालू असताना लग्न ठरत असेल तर दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून घ्या. लाजू नका.

हापूस

मी दुसऱ्या बाजूची. माझा होणारा नवरा व्हीलचेअर वापरतो. आंबे काढताना झाडावरून पडला, कमरेच्या वरचा मणका फुटला, ऑपरेशन करून रॉड घातले पण मज्जारज्जूला मार लागला होता त्यामुळे पायात ताकद आली नाही. आम्ही आधीपासून एकमेकांना ओळखत होतो, पण प्रेम वगैरे जे म्हणतात ते अपघातानंतर झालं, हे लोकांना खरंच वाटत नाही. त्यांना वाटतं मी त्याग करतेय. कृपा करून असं म्हणू नका कुणी. तो आमच्या तालुक्यात सगळ्यात चांगले हिशेब लिहितो, पाच बागायतदारांचं काम घरून बघतो, आणि माझ्यावर कुणी आवाज चढवला तर शांतपणे ऐकून घेत नाही. मला असाच माणूस हवा होता.

आम्ही ठरवायच्या आधी सगळं बोललो. लघवीसाठी त्याला दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं, ते तो स्वतः करतो, पण मी शिकून घेतलं, साबणाने हात कसे धुवायचे तिथपासून. बसून बसून जखमा होतात म्हणून थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, रात्री कूस बदलायची, अंघोळीनंतर माकडहाड आणि टाचा आरशात बघायच्या, लाल डाग दिसला तर त्या बाजूवर भार द्यायचा नाही. शरीरसंबंधांबद्दल पण बोललो. मज्जारज्जूला मार लागलेल्या पुरुषांना त्यात अडचणी येतात, त्यावर औषधं आहेत, आणि मूल हवं असेल तर शुक्राणू काढून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करता येतं. डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं तेव्हा तो मान खाली घालून होता, मीच प्रश्न विचारत होते.

माझे बाबा चार महिने बोलले नाहीत. त्यांना पटवायला कुणी आलं नाही, एकदा त्यानेच त्यांना फोन करून बागेच्या कर्जाची कागदपत्रं मागवून घेतली, बसून बँकेची चूक शोधून दिली, आणि मग बाबा स्वतःच त्याच्या अंगणात जाऊन बसायला लागले.

साखरपुड्याला हॉल मिळेना हो! तीन ठिकाणी पहिल्या मजल्यावर हॉल आणि लिफ्ट नाही, एका ठिकाणी म्हणाले चार पोरं उचलून नेतील. त्याला उचलून नेलेलं आवडत नाही, आणि का आवडावं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सगळ्यांना वापरता येतील अशा इमारतींचं लिहिलंय, पण मंगल कार्यालयात ते कोण बघतो. शेवटी शाळेच्या मैदानात मांडव घातला, माझ्या भावाने फळ्या ठोकून स्टेजला उतार केला, आधी स्वतः व्हीलचेअरवर बसून वर-खाली जाऊन बघितलं, चढ जास्त वाटला म्हणून परत लांब केला.

दुपारची झोप

सगळं वाचलं, खूप बरं वाटलं. माझं एल फोर-एल फाइव्हचं फ्यूजन झालंय, म्हणजे कमरेतले दोन मणके एकमेकांना जोडलेत, लग्न मे महिन्यात. हार घालताना आमच्याकडे नवरीला मामा उचलतो आणि नवऱ्याला मित्र, त्याचं काय केलंत? आणि होमाला पाटावर बसणं?

धागाकर्ती

@दुपारची झोप, सर्जनना एकदा विचारच, फ्यूजन नीट जुळलंय का ते एक्सरेवर बघून सांगतील. पण उचलाउचली आम्ही सरळ बंद ठेवलीय, अचानक झटका बसतो, खाली ठेवताना तर जास्त. दोन्हीकडच्या पोरांना आत्तापासून सांगून ठेवलंय, आणि मामाला वाईट वाटू नये म्हणून अंतरपाट धरायचं काम त्याच्याकडे दिलंय. होमाचं गुरुजींना आधी फोन करून विचारलं, ते म्हणाले वधूवरांनी खुर्चीवर बसलं तरी विधी होतो, फक्त कुंड विटांवर थोडं उंच घ्या म्हणजे आहुती देताना पुढे वाकावं लागणार नाही. खुर्ची टेकायची घ्या, स्टूल नको. मधे मधे उठून चार पावलं चालायची परवानगी पण मागून घ्या, आमच्या गुरुजींनी लगेच दिली.