'डिफेक्ट होणे'ला मराठीत काय म्हणायचं? पलायन, सुटका, फितुरी की अजून काही

सोव्हिएत काळातल्या बॅले डान्सर्सवर लेख लिहितेय, त्यात 'डिफेक्ट झाला' (म्हणजे आपला देश कायमचा सोडून दुसऱ्या देशात राहिला) सारखं येतंय आणि प्रत्येक वेळी अडायला होतंय. डिक्शनरीत पक्षांतर मिळालं पण त्याने आमदारच डोळ्यासमोर येतात. शिवाय 'पळून जायचा कट रचला' हे कसं वाटतं? प्लीज सुचवा.

---

ताई, पक्षांतर नकोच आणि फितुरी तर अजिबात नको. फितूर म्हणजे आतून शत्रूला सामील होऊन किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा, या लोकांनी कोणाला काय उघडून दिलं? त्यांना हव्या त्या भूमिका नाचायच्या होत्या बस. मॉस्कोच्या लेखी मात्र ते फितूरच, डान्सर नुरेयेव्हवर तर तो नसतानाच खटला चालवून 7 वर्षांची शिक्षा ठोठावली, म्हणून तो शब्द सरकारच्या तोंडी घाला, तुमच्या वाक्यात नको.

पलायनचं म्हणाल तर माणूस बघून ठरवा. नुरेयेव्ह, 16 जून 1961, पॅरिसचं ल बुर्जे विमानतळ. त्याच्या किरोव्ह बॅले कंपनीची सगळी मंडळी लंडनला निघालेली आणि ऐन वेळी याला सांगितलं की तू मॉस्कोला जायचंस, क्रेमलिनमध्ये कार्यक्रम आहे, याला लगेच कळलं की आता आपल्याला परत कधी बाहेर सोडणार नाहीत. क्लारा सेंट म्हणून पॅरिसमधली मैत्रीण होती ती धावत आली, तिने विमानतळावरचे पोलीस गाठले, तर ते म्हणाले आम्ही त्याच्याकडे जाऊ शकत नाही, त्याने स्वतः आमच्याकडे यायला हवं. मग निरोप घ्यायच्या निमित्ताने तिने हे त्याच्या कानात सांगितलं, आणि पाळत ठेवणारे शेजारी असताना तो पोलिसांकडे गेला नि मला इथे राहायचंय म्हणाला. स्वतःहून पोलिसांकडे जाणाऱ्याला पळाला कसं म्हणायचं? इथे सरळ 'आश्रय मागितला' लिहा.

दुसरा डान्सर बॅरिश्निकोव्ह, त्याचं वेगळं, तो खरंच पळाला. 29 जून 1974, टोरंटो. थिएटरपासून थोडी लांब गाडी उभी करून ठेवलेली, खेळाला उशीर झाला त्यामुळे वाट बघणाऱ्यांचा जीव टांगणीला, शेवटी हा बाहेर आला तर दारात सह्या घ्यायला गर्दी, आणि हा त्या गर्दीतून जीव खाऊन गाडीकडे पळत सुटला. याला 'हातावर तुरी देऊन निसटला' एकदम चपखल बसतं. पोबारा मात्र नको, सोंगट्यांच्या दानावरून आलेला छान शब्द आहे पण आता त्याला उधारी बुडवून गेल्याचा वास येतो, कायमचा देश सोडणाऱ्याला तो लावू नये.

---

मग सुटका का नको? आपण आग्र्याहून सुटकाच म्हणतो की, आग्र्याहून पलायन कोणी म्हणत नाही.

---

दादा एकदम बरोबर, शीर्षकाला सुटकाच हवं, त्यात आपण कोणाच्या बाजूने आहोत ते पण येतं. पण लेखभर तोच शब्द वापरला तर सगळं सुखरूप पार पडलं असं वाटेल. मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेचा गोडुनोव्ह घ्या, 1979 च्या ऑगस्टमध्ये परत न जाता न्यूयॉर्कला राहिला, आणि त्याची बायको ल्युडमिला व्लासोवा, ती पण बोल्शोईचीच डान्सर, तिला घाईघाईने मॉस्कोच्या विमानात बसवलं. अमेरिकनांनी ते विमान केनेडी विमानतळावर 3 दिवस अडवून धरलं, ती स्वतःच्या मर्जीने चालली आहे का हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती म्हणाली मला घरी जायचंय. विमान गेलं. नुरेयेव्हला आईला भेटायला 1987 उजाडलं. या भागासाठी आपल्याकडे परागंदा आहे, मूळ फारसी, अर्थ विखुरलेला, घरदार तुटल्याचं दुःख त्यात आपोआप येतं, सुटकामध्ये ते येत नाही.

---

आणि 'कट'चं काय? ते राहिलंच!

---

कट दुसऱ्याचा घात करायला रचतात, आपला जीव सोडवायचा असेल तर बेत. 'खेळ संपताच निसटायचा बेत मित्रांनी आधीच आखून ठेवला होता' हे बॅरिश्निकोव्हला चालेल. नुरेयेव्हच्या वाक्यात बेत पण घालू नका, विमानतळावर आला तेव्हा तो लंडनलाच निघाला होता.